भिंत, कोळसा, गेरू

मराठीत चित्रकाराचं चरित्र लिहायला बसलं की पहिलं प्रकरण जवळजवळ आपोआप लिहून होतं. घरची गरिबी, लवकर गेलेले वडील, कोळशाने रंगवलेल्या भिंती, त्याबद्दल खाल्लेला मार, आणि मग एके दिवशी कुणा ड्रॉइंग मास्तरांची पडलेली नजर. दुसऱ्या प्रकरणात मुलगा मुंबईला जातो, तिसऱ्यात नाव काढतो. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो, शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पाहुण्यांना भाषणासाठी एक गोष्ट मिळते, आणि विचारायचा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. त्या कोळशाने मुलाच्या हाताला नेमकं शिकवलं काय?

या पुस्तकातले लेख त्या प्रश्नाशी थांबतात, म्हणून ते मला आवडले. साध्या घरांतून, हाताशी असेल त्या वस्तूवर हात चालवत जे पुढे कलावंत झाले, त्यांच्या पहिल्या साधनांबद्दलचं हे लेखन आहे. यात हळहळ कमी आहे आणि तपशील जास्त. प्रस्तावनेच्या निमित्ताने या विषयाबद्दल माझं स्वतःचं जे मत बनलं आहे ते मांडून ठेवतो. पटलं नाही तर पुढचे लेख आहेतच.

सुरुवात पाटीपासून करू. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांचं पहिलं चित्र कागदावर झालंच नाही, ते दगडी पाटीवर झालं. कागदावर पांढऱ्यावर काळं उमटतं. पाटीवर काळ्यावर फिकट. अंधारातून उजेड काढायची सवय पाटीने लावली. दुसरं म्हणजे पाटीवरचं चित्र टिकत नाही. पुढच्या तासाला गणित आलं की हत्ती पुसायचा, आणि पुसायचा तो थुंकी लावून, बाहीने. ज्या मुलाला हत्ती हवाच होता त्याने तो पुन्हा काढला, तिसऱ्यांदा काढला, आणि प्रत्येक वेळी सोंडेचं वळण थोडं सुधारलं. जपून ठेवण्याजोगं काही नसल्यामुळे सरावाला कंटाळा नव्हता. आज मुलाच्या हातात चोवीस रंगांची पेटी आणि जाड कागदाची वही येते, तेव्हा पहिलंच चित्र 'चांगलं' यायला हवं असं दडपण त्या महागड्या कागदासोबतच येतं. पेटी वाईट असं मी म्हणत नाही. पाटी काय करत होती तेवढं लक्षात यावं.

साधन हात घडवतं, याचं आपल्याकडचं सर्वांत लखलखीत उदाहरण म्हणजे जिव्या सोमा मशे. जन्म 1934 चा, तलासरीकडच्या एका वारली पाड्यावर. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्यानंतर हे पोर काही वर्षं बोलेनासंच झालं. सांगायचं असेल ते मातीत रेघा ओढून सांगायचं. पुढे डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर त्यांचं आयुष्य गेलं, तेही बराच काळ शेतमजुरीत.

वारल्यांची मूळ चित्रं पाहिलेली नसतील त्यांच्यासाठी थोडं जवळून सांगतो. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती आणि शेणाचं सारवण, त्यावर गेरूचा हात. एवढी झाली पार्श्वभूमी. रंग एकच, पांढरा, आणि तो तांदळाच्या पिठाचा. पीठ पाण्यात कालवायचं, चिकटपणासाठी थोडा डिंक घालायचा. कुंचला म्हणजे बांबूची बारीक काडी. तिचं टोक दातांखाली चघळलं की तंतू सुटे होतात. या काडीला रंग फार धरता येत नाही. दोन-चार बोटं रेघ ओढली की ती कोरडी पडते, पुन्हा बुडवावी लागते. त्यामुळे लांब, वाहती रेघ इथे जमतच नाही. जमतो तो ठिपका, छोटी तुटक रेघ, टोकाशी टोक लावलेले दोन त्रिकोण. ओलं पीठ गेरूवर नीट दिसतही नाही, सुकताना पांढरं उठून येतं. म्हणजे काढणाऱ्याला काढताना अर्धं अंदाजाने काढावं लागतं. आणि चुकलं तर खोडरबर नाही. पुसायला गेलात तर खालचा गेरूही निघतो.

आता या सगळ्या अडचणी समोर ठेवून जिव्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं एखादं चित्र पाहा. अख्ख्या कापडावर जाळं पसरलेलं असतं, बारीक बारीक घरांचं, ठिकठिकाणी सैल पडलेलं, ओढलेलं, आणि त्यात होड्या, मासे, माणसं. एकही रेघ फूटपट्टीची नाही. हजारो आखूड रेघांनी तो पसारा असा हलता ठेवला आहे की नजर एका जागी ठरत नाही. काडी आखूड रेघच देत होती; जिव्यांनी त्या आखूड रेघेतूनच गती काढली. पुढे त्यांच्याकडे चांगले ब्रश आले, कापड आलं, तयार पांढरा रंग आला. रेघ मात्र काडीनेच शिकवलेली राहिली. पातळ ब्रशने लांब रेघ ओढायची सोय झाली म्हणून त्यांनी ती ओढली नाही.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि तो नसता तर आपण जिव्यांचं नाव ऐकलंच नसतं. भास्कर कुलकर्णी. स्वतः चित्रकार. 1966-67 च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं होतं. घरांच्या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिला, म्हणजे चित्र विकता येईल आणि चूल पेटेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले आणि जिव्यांच्या हातात कागद ठेवला. 1975 मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये जिव्यांची चित्रं लागली, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आला. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. हा लाँग म्हणजे जगभर पायी हिंडून दगड, चिखल, पाऊलवाटा यांतून काम करणारा माणूस. दोघांना एका छताखाली आणणाऱ्याची नजर मानायला हवी. 2011 ला पद्मश्री, आणि 15 मे 2018 ला मृत्यू.

पुरस्कारांची यादी एवढीच पुरे. भिंतीवरून कागदावर येताना काय घडलं ते यादीहून महत्त्वाचं आहे. भिंतीवरचं चित्र लग्नासाठी असायचं. सवासिनी चौक लिहायच्या, चौकात पालघट देवी बसायची, धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणायची, लग्न लागायचं, आणि पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा सारवली जायची. चित्राचा मालक कुणी नव्हता, चित्राला किंमत नव्हती, आणि काढणाऱ्या होत्या सगळ्या बायका. कागद आला आणि लग्नाबाहेरचं, रोजचं चित्र सुरू झालं. जिव्या रोज काढू लागले, मनाला येईल ते काढू लागले. एका पुरुषाने चित्र हाती घेणं ही त्या समाजात नवी गोष्ट होती. त्यांच्यामागून मुलगे सदाशिव आणि बाळू आले, पाड्यापाड्यांतली पोरं आली. आणि ज्या बायकांच्या हातून ही रेघ पिढ्यान्‌पिढ्या आली त्यांची नावं? आपल्याला त्यातली फारच थोडी माहीत आहेत. 'सामान्य घरातून मोठा कलावंत' या आपल्या लाडक्या गोष्टीतला नायक बहुधा पुरुष असतो, त्याचं कारण कलेत शोधू नये. रोज पहाटे अंगणात ठिपके मांडून, चिमटीतून रांगोळी सोडत, न मोजता समान अंतर राखणारी मुलगी चित्रकलेचा पाया आपसूक घालून घेत असते. तिला कागद कुणी दिला नाही. लग्न ठरलं, अंगण बदललं, रांगोळी चालू राहिली.

म्हणून मी म्हणतो, गरिबीला श्रेय देऊ नका. गरिबी कुणाला चित्रकार करत नाही. ती करत असती तर या राज्यात घरटी एक चित्रकार निघाला असता. साधन शिकवतं हे खरं, पण शिकलेल्या हाताला पुढे काम मिळावं लागतं, आणि ते काम देणारं कुणीतरी असावं लागतं. कोल्हापूरचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे.

बाबुराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबुराव पेंटर, 1890 साली सुताराच्या घरात जन्मले. कुठल्याही कलाशाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पण घरात पटाशी होती, करवत होती, लाकडाची नस ओळखणारे वडील होते. अशा घरातल्या मुलाला वस्तू आतून कशी उभी राहते हे पुस्तकावाचून कळतं. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. पडदा रंगवणं म्हणजे काय हे आता कुणाला फारसं माहीत नाही. भुकटीचे रंग, त्यात गरम केलेला सरस, आणि भिंतीएवढं कापड. सरसातला रंग ओला असताना एक दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो, त्यामुळे हाताला रंगाचा पुढचा हिशेब आधी करावा लागतो. शिवाय हे चित्र जवळून पाहायचं नसतंच. शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसाला दिव्यांच्या उजेडात राजवाड्याचे खांब मागे मागे जाताना दिसले पाहिजेत. खोली, उजेड, अंतर यांचं शिक्षण या दोघांनी मजुरी घेऊन पुरं केलं.

त्या शिक्षणाचा रस्ता पुढे सिनेमाकडे वळला, यात मला काहीच अचंबा वाटत नाही. ज्याला पडद्यावर अंतर दाखवता येतं त्याला हलत्या पडद्याचं वेड लागणारच. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, तेव्हा या भावांनी तो घडवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम चालू ठेवलं, कॅमेरा उभा केला. पैसा आला तानीबाई कागलकर या गायिकेकडून. हे नाव आवर्जून घ्यायला हवं, कारण मराठी सिनेमाच्या जन्मकथेत ते फार घाईत घेतलं जातं. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 मध्ये आला. याच कंपनीत हात तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम पुढे 1929 मध्ये 'प्रभात' काढायला निघाले. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मधला देहूचा उजेड पाहताना सुताराच्या घरातली ती पटाशी मला आठवते. आता हा माझा लळा समजा.

मुंबईच्या दोघांबद्दल थोडक्यात. पंढरपुरात 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन, आई तान्हेपणीच गेलेली, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरायचे, लहान मुलांसाठी लाकडी खेळणी करायचे. फलकावर नायकाचा चेहरा दोन पुरुष उंच काढायचा असतो, तोही उद्या सकाळच्या आत. अशा कामात छटा घोटत बसता येत नाही. जाड रेघेत चेहरा बसवावा लागतो, चार फटकाऱ्यांत नाक उभं करावं लागतं. हुसेन यांच्या घोड्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, पण ती बिनधास्त, एका दमात ओढलेली रेघ रस्त्यावरच्या फलकाची देणगी आहे हे समीक्षक जरा ओशाळून सांगतात. ओशाळायचं कारण मला दिसत नाही.

दुसरे कृष्णाजी हौळाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, 1914 चा जन्म. पोरवयातच मुंबईला आले. घरगडी म्हणून राहिले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले. रंग परवडतील तेच घ्यायचे, म्हणजे पाण्यात कालवायचे. पुढे आयुष्यभर त्यांनी जलरंगाला तेलरंगासारखं जाड वागवलं आणि तेलरंगाला जलरंगासारखं पातळ. कलाशाळेत गेलेल्याने असा आचरटपणा सहसा केला नसता, कारण कशाने काय करायचं हे त्याला आधीच सांगितलेलं असतं. आरांच्या फुलदाण्या जिवंत वाटतात त्या या अडाणीपणामुळे, आणि हा शब्द मी आदराने वापरतो. मात्र त्यांची चित्रं हेरली ती टाइम्स ऑफ इंडियातल्या रूडी फॉन लायडन यांनी. नाझी राजवटीपायी युरोप सोडून मुंबईत आलेल्या मंडळींपैकी ते एक. 1944 मध्ये आरांच्या मराठ्यांच्या लढाईच्या चित्राला गव्हर्नरचं पारितोषिक मिळालं. 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या संस्थापकांत मोटारी धुणारा हा माणूस होता.

भास्कर कुलकर्णी, तानीबाई, लायडन. प्रत्येक गोष्टीत कागद देणारं, पैसा देणारं, किंवा नुसतं थांबून पाहणारं एक माणूस आहे. चरित्रकार त्याला एका वाक्यात उरकतो, कारण नायकाची झळाळी कमी होईल अशी त्याला भीती वाटते. या पुस्तकात तसं झालेलं नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या पाड्यावर कुणी कुलकर्णी आले नाहीत त्यांच्यासाठी, हे काम दीर्घकाळ आपल्या शाळांतल्या ड्रॉइंग मास्तरांनी केलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांची थट्टा करणं सोपं आहे. पितळी तांब्या आणि दोन वांगी मांडलेलं ते वस्तुचित्र, बाजाराचं नाहीतर लग्नाच्या वरातीचं ते स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन, संकल्पचित्रातली ती ठरावीक फुलं. सगळं खरं. पण तालुक्याच्या गावातल्या शेतमजुराच्या मुलीला चित्रकला हा सरकारी शिक्का असलेला विषय आहे, त्याला ग्रेड मिळते, हे या परीक्षांनी दाखवलं. घरी सांगायला तिच्याकडे एक प्रमाणपत्र आलं. केंद्रावर नेण्यासाठी मास्तर पाच-पंचवीस मुलं एसटीत घालून निघायचे, ज्याच्याकडे ब्रश नाही त्याला आपला द्यायचे. चित्र शिकवण्याइतकंच हेही त्यांचं काम होतं, आणि ते कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. आता पुष्कळ शाळांत हा तास दुसऱ्याच विषयाचे शिक्षक 'बघून घेतात'. त्याचा हिशेब पुढच्या तीस वर्षांनी लागेल.

घरात बघायला काय होतं, हाही एक मुद्दा आहे, आणि पुढच्या लेखांमध्ये तो पुन्हा पुन्हा येतो. चित्रं पाहिल्याशिवाय चित्र काढावंसं वाटत नाही. संग्रहालय शंभर मैलांवर. पण भिंतीवर रवी वर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी होती, वाण्याने दिलेल्या कॅलेंडरवर मुळगावकरांचा कृष्ण होता, आणि रद्दीत आलेल्या दिवाळी अंकावर दीनानाथ दलालांची नायिका. रवी वर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळांवरून निघालेली चित्रं गावोगावच्या देव्हाऱ्यांत गेली. उच्चभ्रू अभिरुचीने या चित्रांना नाकं मुरडली, ते एका परीने ठीक आहे. पण चौकटी पाडून, एकेक चौकोन मोठा करत, कॅलेंडरवरचा चेहरा भिंतीवर उतरवणाऱ्या मुलाला प्रमाण तिथेच कळलं. पेणच्या कारखान्यांत आजही हेच चालतं. पोरगं आधी मूर्तीला पॉलिश पेपर मारतं, मग पितांबराची भरणी करतं, वर्षं गेली की दागिन्यांपर्यंत पोचतं. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि ती ज्याचा हात साफ त्यालाच. बाजूला बसून आखणी पाहणं एवढाच त्या पोराचा वर्ग.

या पुस्तकाकडून एक अपेक्षा अपुरी राहिली तीही सांगतो. गेरू, कोळसा, पाटी, शाडू यांबद्दल इथे भरपूर आहे, पण मधेच ज्यांचा हात थांबला त्यांच्याबद्दल कमी. फलक रंगवणारे फ्लेक्स आल्यावर काय करू लागले, इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुली पुढे कुठे गेल्या, हे कुणीतरी लिहायला हवं. यशस्वी माणसांच्या पहिल्या खडूचा तुकडा आपण जपतो. ज्यांना यश मिळालं नाही त्यांचा खडू तसाच होता, त्यांचा हातही बहुधा तितकाच चांगला होता.

वाचकांना एवढंच सांगतो. हे लेख वाचून झाल्यावर जमलं तर डहाणू, जव्हारकडे जा, पेणला जा, कुठल्याही गावात ज्याच्या अंगणात रंग वाळतो आहे त्याच्याकडे जा. चित्र आवडलं तर घासाघीस न करता घ्या. आणि घेताना काढणाऱ्याचं, विशेषतः काढणारीचं, नाव आणि गाव तिच्याच हाताने चित्राच्या मागे लिहून मागा. लिहिता येत नसेल तर तुम्ही विचारून लिहा.